डाउनलोडमधलं नाव

४ मे २०२५
लोणावळ्याच्या संस्थेतली समीक्षा आली होती. आपल्या भागातल्या झाडा-पाखरांच्या नोंदी त्यांनी वेबसाइटवर चढवल्यात. आता ज्याला जेवढं हवं तेवढंच डाउनलोड करता यावं, असं पान ती बनवतेय. म्हाताऱ्यांना जमलं तर कुणालाही जमेल, म्हणाली. म्हणजे माझा सल्ला हवाय. गावच्या सगळ्या नोंदी माझ्याच अक्षरात आहेत. सातवी झालोय. वरच्या वस्तीवरचा कोंडू नुसता माझ्याबरोबर रानात हिंडायचा. त्यालाही बोलावलंय. कशाला?

६ मे
पंचायतीत बैठक. समीक्षा मला ‘आबा’ म्हणते, त्याला ‘कोंडूबाबा’. यात मोठं कोण, ते घरी विचारलं. आमची बायको मुक्ताबाई म्हणाली, “दोघं बी च्याच पित्यात न्हवं?” या घरात काही विचारण्यात अर्थ नाही.
कोंडूला वाचता येत नाही. म्हणाला, “पोरी, पाखराचं चित्र लाव. त्येच्यावर बोट ठेवतो.” तिने लगेच लिहून घेतलं. मलाही हेच सुचलं होतं, बोलायचं राहिलं. यापुढे आधी बोलणार, विचार नंतर.

९ मे
आधी बोललो. यादी मराठी महिन्यांप्रमाणे मिळावी. समीक्षाने विचारलं, अधिक महिन्यात काय करायचं? म्हटलं, ते संगणकवाल्यांनी बघावं.
मग कोंडू. “करवंदं पिकत्यात तवाचं द्या, असं मागता यावं.” ‘ऋतू’ नावाचं बटण झालं. सगळे वा वा. मी बीपीची गोळी घेतली.

१२ मे
कोंडू म्हणाला, “खेकडं कुटं गावत्यात ते डाउनलोडात नगं. शनवारी गाडीवालं येत्यात, वढा उपसून नेत्यात.” समीक्षाने टाळ्या वाजवल्या. जागा झाकणार.
तो ओढा त्याने मलाही कधी दाखवला नाही. बावीस वर्षं.

१५ मे
बावीस तारखेला पंचायतीच्या पडद्यावर हे पान सगळ्या गावाला दाखवणार. तेव्हा कळू दे कुणाचं काम किती. सांगून टाकलं, प्रत्येक नोंदीपुढे माणसाचं नाव पाहिजे. नाव टाकलं की त्याची सगळी यादी उतरली पाहिजे.
समीक्षा म्हणाली, “आबा, नोंदीच्या फॉर्मवर दोन नावं आहेत. लिहिणारा आणि सांगणारा. मोबाइलवर एकच मावेल. कुठलं ठेवू?”
लिहिणारा म्हणजे कारकून वाटतो. सांगणारा म्हणजे जाणता. म्हटलं, सांगणारा ठेव. कोंडू आपला चहा फुंकत होता. त्याला कळलंच नसणार.

१८ मे
सदरा इस्त्रीला दिला. तळेगावहून पुतण्या कैलास येणार आहे. नात सारिकाला फोटो काढायला सांगितलंय.

२२ मे, दुपारी १२
पडद्यावर मीच माझं नाव टाकलं. अंबाजी. ‘एकही नोंद सापडली नाही.’ पुन्हा टाकलं. तेच.
कोंडू काळजीने म्हणाला, “मशीन बिघडलं का वो, भाऊ?” समीक्षाने त्याचं नाव टाकून पाहिलं. तीनशे अठरा. सारिकाने फोटो काढला.

दुपारी ४
आत्ता आठवलं. फॉर्मवर ‘सांगणारा’ म्हणून दर वेळी मीच त्याचं नाव घालत होतो. नोंद चुकली तर बोल त्याला लागावा म्हणून.
एकही चुकली नाही.