कौलांतली खिडकी

अण्णा, काल व्हाइटफील्डला धाकट्या लेकीच्या घरी माळ्याच्या छपरात खिडकी बसवली. चौकटीसकट तयार खोक्यात आली, बरोबर दोन माणसं. माझा चहा होईपर्यंत काम आटोपून हात पुसत उभी राहिली. मला त्यांचा रागच आला. आपला त्याच कामात अख्खा रविवार गेला होता, आणि वर आईची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

नव्वदीतली गोष्ट. मालकाने दुकानाची जागा परत मागितली आणि तुम्ही शिलाई मशीन चामराजपेटेतल्या आपल्या घराच्या माळ्यावर चढवलंत. वर एकच बल्ब. पहिल्याच महिन्यात एका गिऱ्हाइकाचा निळा कोट परत आला, काजांना काळा दोरा घातला म्हणून. "बल्बच्या उजेडात दोन्ही सारखेच दिसतात," तुम्ही म्हणालात. तेवढ्यात गार्मेंट फॅक्टरीतून कटिंगसाठी बोलावणं आलं. आयुष्यभर स्वतःच्या मशीनवर बसलेला माणूस आता भोंग्यावर जाणार, हे मला सहन होत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं. सोमवारी कळवायचं होतं, आणि तुम्ही एवढंच म्हणत होतात, "उजेड येऊ दे, मग बघू." काचेची कौलं घाला, असं आई म्हणाली. पण कोळशाच्या इस्त्रीने माळा भट्टीसारखा तापायचा, तुम्हाला वाराही हवा होता. म्हणून उघडणारी खिडकीच करायची ठरली. कौलं शाकारणाऱ्याला सवड नव्हती, तेव्हा आपणच.

मुलीने शिकावं, शिवणकामात पडू नये, म्हणून तुम्ही मला कधी सुईत दोरासुद्धा ओवू दिला नाहीत. माप घेतानाही माझं काम टेपचं टोक धरण्याचं. "स्वल्प ताठ धर." दोन वाशांमधलं अंतर घेतलंत आणि सुताराला सांगताना सवयीने, शिवणीसाठी म्हणून, दोन्ही बाजूंना बोटभर वाढवलंत. रविवारी कौलं उतरवली, रिपा कापल्या, आणि चौकट काही वाशांमध्ये शिरेना. मी हसू दाबलं. "कापड असतं तर आत दुमडलं असतं," तुम्ही म्हणालात. चिडला होतात, पण स्वतःवरच.

मग तुम्ही उकिडवे बसता आणि नुसते बघत राहता. खाकी कागद घेता, चौकटीभोवती धरता, कॉलरचा फर्मा कापावा तसा कापता. त्या फर्म्यावरून पत्रा कापता. आता चौकट वाशांच्या मध्ये नाही, वर बसणार, भोवती पत्र्याची कॉलर. वरचा पत्रा कौलांखाली, खालचा कौलांवर. मी छपरावर बसून कौलं सरकवतेय आणि खालून आई ओरडतेय, "साराला फोडणी घातलीय, आता मातीपण घाला. पोरीला छपरावर चढवलंत, उद्या हिला बघायला कोण येणार?"

"वरून बघून तीच निवडेल," तुम्ही म्हणालात.

दुपारी बादलीभर पाणी ओतून बघितलं. थेंब आला नाही. तुम्ही हात धुऊन मशीनवर बसलात. उघड्या खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडलं होतं. शिवायला आलेला निळा कोट पुढे ओढलात, दोन रिळं समोर ठेवलीत. तुमचा हात काळ्याकडे गेला, थांबला, परत आला. मग आवाजात काही न येऊ देता विचारलंत, "यातला निळा कुठला गं?"

बल्बचा दोष नव्हता तर. "डावा," मी म्हणाले.

"सरी, बरं. ओवून दे."

पुढे चष्मा लागला, पण रंगांचं काही सुधारलं नाही. तरी त्या सोमवारी तुम्ही फॅक्टरीला होकार कळवला नाहीत. तेव्हापासून लग्न होईपर्यंत रोज कॉलेजला जाण्याआधी मी माळ्यावर येऊन त्या दिवसाचे दोरे लावून ठेवायचे. आपण त्याबद्दल कधी बोललो नाही. खिडकीने धंदा वाचवला, असं आई शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायची आणि मी मान डोलवायचे.

पण अण्णा, त्या दुपारी माळ्यावरून उतरताना मला रडू यायला हवं होतं. तुमची रंगांची नजर गेली होती. आणि मी खूश होते, कारण तुम्ही मला विचारलं होतंत. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. हा कागदसुद्धा लेकीच्या हाती लागायच्या आत फाडून टाकणार आहे.