पेणची मावशी

दिवेआगर,
आश्विन वद्य चतुर्थी

प्रिय दत्तूदादास,
कमळचा शिरसाष्टांग नमस्कार.

पार्सल पोचलं. इरकली लुगडं एक, माझ्या रतनला परकराचं कापड, सासूबाईंना धाबळी आणि खारकांची पुडी. वर तिकिटं एक रुपया बासष्ट नये पैसे, म्हणजे आपले एक रुपया दहा आणे. लुगड्यावरची पंचवीस रुपयांची चिठ्ठी फाडायला विसरलास. वाचून जीव चरकला, पण तेच नेसून रूपनारायणाच्या देवळात जाऊन आले, खोटं कशाला बोलू.

सासूबाईंनी अंथरूण धरलंय. पेज तेवढी पोटात जाते. वैद्य म्हणाले, आता नाव घ्या देवाचं. आणि त्या मात्र महिनाभर एकच नाव घेतायत, ‘कमळे, तुझ्या पेणच्या मावशीला एकदा बोलाव गं.’ ती मावशी कोण, ते तुला, मला आणि देवालाच ठाऊक.

बाबांच्या नाटक कंपनीत तू बारा वर्षांचा असताना सुभद्रा झालास. पुढे तशाच कामांच्या पगारातून माझी मॅट्रिकची फी गेली, हे मी रोज दिवा लावताना आठवते. मग बाबा गेले, कंपनी बसली. तू पडदे रंगवलेस, सिनेमात भालदार झालास, ऋषी झालास, रेडिओवर बोललास, आता नायिकांचे बाप करतोस. पण दादा, तुझं सगळ्यात अवघड काम तिकीट न लावता झालं. सत्तेचाळीस साली मला बघायला इकडची मंडळी आली, तेव्हा आई नव्हती आणि नाटकवाल्यांच्या पोरीसाठी नात्यातली एकही बाई येऊन बसायला तयार नव्हती. हौसेनं राखलेली मिशी तू काढलीस, आईचं लुगडं नेसलास आणि मावशी होऊन सासूबाईंशी आंबोशीच्या लोणच्यावर तासभर बोललास. मी मान खाली घालून बसले होते, ती लाजून नव्हे, हसू दाबायला.

त्याची किंमत मात्र तूच भरलीस. ओळखतील या भीतीनं या घराची पायरी चढला नाहीस. भाऊबिजेला केसरजाऊबाईंचे भाऊ येतात, आणि मी जिवंत भाऊ असून अंगणात चंद्राला ओवाळते. शूटिंग आहे म्हणून सांगते. एवढ्या वर्षांत त्या सबबीलाही विटले.

काल मन घट्ट केलं आणि सासूबाईंना म्हटलं, मावशी काशीला गेली. त्या डोळे न उघडता म्हणाल्या, ‘काशीला कशाला? मुंबईत सिनेमात काम करते ना ती?’ मी त्यांच्या उशाशी सरकले. मग म्हणाल्या, ‘अगं, देवळापुढची नाटकं बघण्यात जन्म गेला माझा. बैठकीत येताना तुझ्या मावशीनं उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. कुठल्या घरची बाई दुसऱ्या खोलीत जाताना असं करते? रंगमंचावर पाऊल टाकणाराच करतो. वरच्या ओठावर ताज्या वस्तऱ्याची निळसर छटा होती; पोरानं बहिणीसाठी मिशी उतरवली, तेव्हाच मी मनात सुपारी फोडली. तू सांगशील म्हणून थांबले, तर तू माझ्यापेक्षा चिवट.’

यांना सांगितलं, तर हे पोट धरून हसले आणि मग बराच वेळ बाहेर ओटीवर जाऊन बसले.

म्हणून हे पत्र. या भाऊबिजेला ये, दादा. धोतर नेसून, पुढच्या दारानं ये. सासूबाई म्हणतात, मिशी असली तरी चालेल, बोलणं तेवढं मावशीचं हवं, आंबोशीचं राहिलंय अर्धं. त्या तोवर थांबते म्हणाल्यात, पण अंगात काही उरलेलं नाही. कोणत्या बोटीनं निघतोस ते उलट टपाली कळव. श्रीवर्धनच्या बंदरावर हे स्वतः गाडी घेऊन उभे राहतील.

तुझीच,
कमळ