दादाचा फोल्डर

अरे, छकुलीला डोस द्यायला नेतेय. जेवण झाकून ठेवलंय. बसून खा, ओट्यापाशी उभ्या उभ्या नको.

फ्रेमवाल्याला छकुलीच्या दादाचा फोटो आज पाठवायचाच आहे. लॅपटॉपवर त्याच्या फोल्डरमधले मी दोन निवडलेत, त्यातला एक तू ठरव. फाइल उघडायची गरज नाही. एकदा क्लिक करून स्पेसबार दाबलास की फोटो समोर येतो, पुन्हा दाबलास की जातो.

दादा गेल्यावर तो फोल्डर इतक्यात बघायचा नाही असं आपलं ठरलं होतं. मी रोज बघत होते. असं नुसतं डोकावलं की ‘अलीकडे उघडलेल्या’ फाइल्समध्ये काही उमटत नाही, म्हणून तुला कळलं नाही.

आज तिथे सगळ्यात वर त्याचा सायकलचा व्हिडिओ दिसला. म्हणजे तूसुद्धा. आणि तू चक्क उघडून बघतोस. वेड्या, तुला लपवायचंही धड जमत नाही!

मी तो कधीच पुरता पाहिला नाही. दादा “आई, बघ ना” म्हणायच्या आत माझं बोट पुन्हा स्पेसबारवर जातं.

मी आले की लॅपटॉप मिटू नकोस. माझा हात धरून ठेव, आणि त्याला पूर्ण बोलू दे.