काढून टाकलेल्या पेशी

प्रिय बाबा,

परवा "आधी त्यांची माफी माग, मग बोलू" म्हणालात आणि फोन ठेवून दिलात. मागून आई सांगत होती, "अहो, तिचं ऐकून तरी घ्या." तिचंही ऐकलं नाहीत. म्हणून लिहितेय. पत्र तरी तुम्ही अर्धवट सोडणार नाही. तुम्ही तर औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचता.

सरांनी तुम्हाला काय सांगितलं असेल, त्याची मला कल्पना आहे. पोरगी हुशार आहे, पण डोक्यात राख घालून घेते, थकलीय, तिला विश्रांतीची गरज आहे. सर म्हणजे तुमचा सर्वात लाडका विद्यार्थी, आज एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेचा प्रमुख. ते घरी आले की तुम्ही त्यांना तुमच्या खुर्चीत बसवता. मला त्यांच्याकडे नोकरी लागली तेव्हा तुम्ही आठवडाभर हवेत होतात. त्यांचं बोलणं मऊ, माझं खरखरीत. मग खोटं कोण बोलत असेल, हे तुम्ही फोनवरच ठरवून टाकलंत.

आता जरा माझं काम ऐका. शस्त्रक्रियेत हृदयाचा जो लहानसा तुकडा काढावा लागतो, तो रुग्णाच्या संमतीने आमच्याकडे येतो. त्यातली एकेक पेशी वेगळी करून तिला केसाहून बारीक काचेची नळी चिकटवतात आणि तिची वीज मोजतात. प्रत्येक ठोक्याला वीज झटकन चढते आणि सावकाश उतरते, कारण पेशीच्या भिंतीतली दारं उघडतात, मिटतात, क्षार आत-बाहेर जातात. ही ये-जा मी समीकरणांत मांडते. दारं किती, किती वेगाने मिटतात, हे आकडे कुणालाच माहीत नसतात. माझा आलेख मोजलेल्या आलेखावर चपखल बसेपर्यंत मी ते बदलत राहते. एकदा बसला, की त्या गणितातल्या पेशीला औषध द्यायचं आणि ठोका बिघडतो का ते पाहायचं. यावेळचं औषध मळमळीवरचं होतं. प्रवासाला निघताना आई पर्समध्ये टाकते, तसल्या गोळीचं.

काही पेशींवर आलेख बसेना. त्यांची वीज उतरायला फार वेळ लागत होता. सर म्हणाले, "मरायला टेकलेल्या पेशी आहेत, काढून टाक." मी मोजणाऱ्या मुलीला पुन्हा तपासायला लावलं. नळी नीट चिकटलेली होती, पेशी ठणठणीत होत्या. फक्त संथ होत्या. आणि बाबा, त्या जवळजवळ सगळ्या बायकांच्या हृदयातल्या होत्या. त्यांचे आकडे वेगळे धरून मी गणितात औषध घातलं, तर ठोका अडखळला, पुन्हा अडखळला, मग नुसताच थरथरत राहिला. मी धावत सरांकडे गेले. त्यांनी खुर्चीसुद्धा वळवली नाही. "सगळ्यांची सरासरी घे आणि मोकळी हो," म्हणाले. घरातल्या सगळ्यांच्या पायांची सरासरी काढून एक चप्पल शिवली, तर ती कुणाच्या पायात जाईल? आणि सरासरीतही ऐन वेळी त्या पेशी घेतल्याच नाहीत. लेख नियतकालिकाकडे छापायला गेला. त्यात माझा आलेख, माझं नाव, आणि खाली एक ओळ: सदोष नोंदी वगळल्या आहेत.

सदोष! लहानपणी आलेख काढताना माझा एक बिंदू रेषेबाहेर पडला म्हणून मी तो खोडरबराने घासत होते, तेव्हा तुम्ही माझा हात धरला होता. मोजणी पुन्हा कर म्हणालात, बिंदू पुसू नकोस. तुमच्याच वर्गात बसलेला माणूस आज हे करतो, आणि माफी मी मागू?

मी नियतकालिकाला कळवून माझं नाव काढायला लावलं आणि कारणही लिहिलं. त्यांनी लेख थांबवला. दुसऱ्या दिवशी माझं टेबल झेरॉक्सच्या मशीनशेजारी गेलं. ज्यांच्याबरोबर रोज डबा खायचे, ते आता माझ्या आधी किंवा माझ्या नंतर जेवतात. एकाने जिन्यात गाठून विचारलं, "तुला एवढी काय पडलीय? गोळी काय तू विकणार आहेस?" मी काय बोलले ते इथे लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. सर मात्र अजूनही गोड हसतात. त्या हसण्याची मला चीड येते, बाबा. थकून रात्री येते ती नव्हे, भर दिवसाची, कामाच्या वेळची चीड.

संस्थेने चौकशी समिती नेमली आहे. काल तिच्या अध्यक्ष बाईंनी मला बोलावून सहज विचारलं, "तुमचे वडील सरांच्या बाजूने साक्ष द्यायला येणार आहेत म्हणे. तुमचा स्वभाव पहिल्यापासूनच असा आहे, असं सांगायला. हे तुम्हाला माहीत आहे ना?" मला माहीत नव्हतं. तरी मी हो म्हणाले, कारण त्यांच्यासमोर तुमची लाज जाऊ द्यायची नव्हती. तर या, बाबा. मी अडवत नाही. फक्त तोंड उघडण्याआधी समितीकडे सगळे आलेख मागा, ठेवलेले आणि काढलेलेही, आणि पेन्सिल घेऊन एका कडेला बसा. तुमच्याइतकं गणित त्या खोलीत दुसऱ्या कुणाला येत नसेल. मग माझ्या स्वभावाबद्दल जे सांगायचं ते खुशाल सांगा. मी समोरच बसलेली असेन, आणि मान खाली घालणार नाही. आईला बरोबर आणा. आणि तिच्या पर्समधली ती गोळी आधी काढून ठेवा.

तुमचीच,
थोरली