दिल्या घरच्या लेकी

४ जाने., पुणे
लॅबमध्ये आज हात छान चालला. गाठींच्या किडनीतल्या पेशी पुन्हा तेच सांगताहेत: मायटोकॉन्ड्रिया सुस्त, नायट्रिक ऑक्साइड कमी. ना.ऑ. कमी, म्हणून रक्तवाहिन्या आखडतात, बीपी चढतं. गाईड खूश. मी तर आहेच.

अप्पांचा फोन. त्यांच्या किडनीतही याच गाठी, डॉक्टरांनी आता किडनी बदलायचं काढलंय. आईला शुगर, तिची चालणार नाही. आत्या द्यायला तयार! मी विचारलं, तिला तपासलं का? "तिला काय धाड भरलीया? ती आता सासरची, पेठची. आपलं दुखणं आपल्याच घरात."

५ जाने.
याच गाठींनी आजोबा गेले, काका गेले, आता अप्पांना धरलंय. घरातल्या पुरुषांची सोनोग्राफी होते, मुलींची कधीच नाही. लेक दिल्या घरची, दुखणं माहेरी ठेवून जाते म्हणे! लग्नात आडनाव बदलतं, जनुक नाही. मुलगा असो की मुलगी, गाठी यायची शक्यता निम्मी. अप्पांना पटवून देईन मी.

११ जाने., अवसरी
घरी आले. आत्याही माहेरी आलीय. भाकरी थापत होती. चुलीपाशी बसून लेक्चर झोडलं, पेशीला ताकद कशी पुरत नाही वगैरे. ती म्हणाली, "म्हंजी लाकूड हाय, पर धग न्हाई." अगदी! हे प्रेझेंटेशनमध्ये ढापणार.

मग म्हटलं, आधी तुझी सोनोग्राफी. अप्पा भडकले. "तिच्या सासरी काय सांगू? आमी रोगी पोरगी दिली व्हती?" राग आला. पण पाय सुजलेत त्यांचे, डायलिसिसची धास्ती आहे, म्हणून ओरडतात. वाईटही वाटलं.

आत्या शांत. "जाऊ की मंचरला. पर तू केलीस का गं?"

मीही याच घरची लेक. मला कुणी नेलं नाही आणि मी...
भाकरी करपली. विषय बदलला.

१२ जाने.
आत्या हटत नाही. "दोघींची, न्हाईतर एकीचीबी न्हाई." ठीक. शुक्रवारी.

शुक्र., मंचर
सेंटरबाहेरच्या बाकावर लिहितेय. आत्याची झाली. चोख! पन्नाशी उलटून स्वच्छ म्हणजे स्वच्छच. अप्पांना फोन केला. नाक ओढत म्हणाले, "म्या सांगितलं व्हतं ना, ती पेठची!" घ्या. आत्याचं नशीब चांगलं निघालं आणि श्रेय पेठच्या सोयरिकीला. घरी गेल्यावर पुन्हा शिकवणी.

आता माझा नंबर. भीती वाटतेय. स्क्रीन पेशंटलाही दिसतो, मघाशी आत जाऊन पाहिलं. गाठ कशी दिसते हे मला कुणी सांगायला नको. डॉक्टर तोंड उघडायच्या आत मला कळेल.

आत्या म्हणते, डोळे मिटून पड.
नाही. बघणार. रोज दुसऱ्यांच्या पेशी बघतेच की.

नाव पुकारलं. आत्यानं माझी पर्स घेतली, वही मागतेय.