बराकपूरच्या माशा

डमडम, कलकत्ता
मंगळवार, १२ ऑगस्ट १९७५

सर आज इतके खूश की स्वतः चहा मागवला. बराकपूरच्या आणि आमच्या डमडमच्या फळमाशांच्या गुणसूत्रांवरचे पट्टे हुबेहूब जुळले. "म्हणजे एवढ्या अंतरावरच्या माशाही एकमेकींत मिसळतात. लिहायला घे!"

हे बँकेतून आल्यावर कौतुकाने सांगितलं. तर म्हणतात कसे, "अगं, बराकपूरची बाटली जूनच्या पहिल्या शनिवारी घरी आणली होतीस ना, तिचा कापसाचा बोळा मीच जरा सैल केला होता. जीव गुदमरत असेल बिचाऱ्यांचा!"

बिचाऱ्यांचा! आणि त्याच्या पुढच्याच आठवड्यात मी 'डमडमच्या' माशा पकडल्या कुठे? याच स्वयंपाकघरात, पिकलेलं केळं ठेवून. म्हणजे दोन महिने सूक्ष्मदर्शकात डोळे फोडून मी बराकपूरशी बराकपूरच ताडून पाहिलं!

पण यांना तरी काय बोलू? बाटली घरी आणली मीच. बोळा सैल दिसला तेव्हा काही न विचारता दाबून बसवला, तोही मीच.

उद्या सरांना सांगायचं. काय सांगू? नवऱ्याला दया आली म्हणून?

आत्ता समोरच्या केळ्यावर एक माशी बसली आहे. हाकलायचाही धीर होत नाही. न जाणो, हीच एकटी खरी डमडमची असायची.