शिळं पाणी

मंगळवार, समुद्रातला तिसरा दिवस, संध्याकाळ

अंग पार आंबलंय. धड झोप नाही. शिडाच्या या बोटीवर आम्ही तिघंच: कप्तान पाटीलकाका, माझी मैत्रीण रेश्मा आणि मी. मॉरिशस अजून तीन आठवडे लांब.

सकाळी मी वाट लावली. सुकाणूवरची ड्युटी संपवून अर्धवट झोपेत आत गेले, पिण्याच्या पाण्याचा निळा कॅन उचलला आणि समुद्रात उपडा केला. अर्ध्याहून जास्त भरलेला! का? घाटकोपरला आई रोज हेच करते. सहाला पाणी येतं, त्याआधी कालचं शिळं पाणी ओतून भांडी विसळायची. हात आपोआप चालले. रिकामा कॅन घेऊन नळ शोधायला लागले, तेव्हा जाग आली.

काकांना लगेच सांगितलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाले, "आजपासून पाणी मोजून." रेश्मा तर दिवसभर बोलली नाही. माझ्या वाटणीचं पाणी मी दुपारीच संपवलं. तेही शहाणपण!

आत्ता रेश्माने तिचा अर्धा पेला माझ्यापुढे सरकवला.

"पी गं. कालचंच आहे. चालेल ना तुला?"

हसायला गेले, तर सुकलेला ओठ फुटला. प्यायले. एक थेंब सांडू दिला नाही.